अळणी मुलखाचा रिवाज

दादा,

खुलताबादच्या खालानं आज मला ओळखलं. वेशीजवळच्या बोळात राहणारी, लिंबाचं लोणचं घालून विकणारी, दर बाजारी तुमच्याकडून मीठ नेणारी ती खाला. आता तिला डोळ्यांनी फार कमी दिसतं. मी नुसता पाणी मागायला थांबलो होतो. पाणी पिऊन "शुक्रिया" म्हटलं तर मान वर करून म्हणाली, "नमकवाले का बेटा नै रे तू?" तिच्या ओट्यावर बसणं झालं, बोलणं झालं आणि वेरूळची गाडी चुकली. तिथं लेण्यांपाशी एकानं रसवंतीवर काम देतो म्हटलंय. दोन महिने टिकलो तरी पुष्कळ, तुम्हाला माझं माहीतच आहे. दुसरी गाडी दुपारनंतर आहे. म्हणून समोरच्या दुकानातून एक वही घेतली आणि वेशीच्या सावलीत बसून लिहितोय. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं सांभाळून घ्या. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि जिवंत होतात तेव्हाही लिहिली नाही, हेही आहेच.

कुठून सुरू करावं? पोत्यापासून करतो. रेल्वेच्या मालधक्क्यावर मिठाची वाघीण लागली की तुम्ही सकाळीच जायचे आणि दोन पोती घेऊन यायचे. बाजाराच्या दिवशी ती एस.टी.च्या टपावर चढायची, कधी खुलताबादला, कधी बिडकीनला. पावसाळ्यात पोत्यांना पाणी सुटायचं आणि टपावरून खिडकीवर पांढरे ओघळ यायचे. बिडकीनच्या गाडीचा तो जाडा कंडक्टर दर खेपेला कुरकुरायचा, "मीठवाले, तुमच्या मिठानं गाडीचा पत्रा खाल्ला हो." तुम्ही शांतपणे म्हणायचे, "बरं झालं की साहेब. आता पत्रा खाल्ल्या मिठाला जागंल." सगळी गाडी हसायची. मी पण हसायचो, तेव्हा लहान होतो. एकदा त्याच टपावर एका माणसानं आपली शेळी चढवली होती आणि बिडकीन येईपर्यंत तिनं आपलं पोतं चाटून चाटून भिजवलं, आठवतं? तुम्ही तिच्या मालकाला म्हणालात, आता हिचं दूध घ्यायला मी येणार, मीठ माझंच हाय त्यात. पण हे मला सांगायचं नव्हतं. मला पोतं फुटलं त्या दिवसाचं सांगायचं होतं. उतरवताना माझ्या हातून पोतं निसटलं, शिवण उसवली आणि पायरीवर पसाभर मीठ सांडलं. मी पायानं सारायला गेलो. तुम्ही माझा खांदा धरला. मारलं नाही. म्हणालात, "वेच. एक एक खडा वेच. हितं बोटानं वेचलं नाय तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं." मी वेचत बसलो आणि तुम्हीही माझ्याबरोबर उकिडवे बसलात. तुमच्या बोटांच्या भेगांत मीठ शिरत होतं, तरी तुम्ही तोंडानं स्स सुद्धा केलं नाही.

बाजारात पोतं पसरून, वर ढीग करून, मापटं रोवून बसलात की तुमचा एक नियम असायचा. मीठ हातावर द्यायचं नाही. बाया भांडं पुढं करायच्या, पदर पसरायच्या, कागद आणायच्या. एखादी नवी नवरी न कळून तळहात पुढं करायची, तर तुम्ही चिमूट तिच्या समोरच्या दगडावर ठेवायचे. "हातावर घेऊ नये बाई. दिलेल्या-घेतलेल्याचं भांडण व्हतं. माझ्याशी भांडशील अन् राग नवऱ्यावर काढशील." आजूबाजूच्या म्हाताऱ्या खुसखुसायच्या. हा नियम आपल्या घरातही होता. ताटाला मीठ पाहिजे असलं की आत्या वाटी खाली ठेवायची आणि आपण ती उचलायची. मला तो जन्मल्यापासून पाठ होता, जसा सगळ्यांना असतो.

आणि मग बाजार उतरला, दुपार झाली, गिऱ्हाईक थांबलं, की तो मुलूख सुरू व्हायचा. सात नद्यांच्या पलीकडं एक अळणी मुलूख होता. तिथं समुद्र नव्हता, खाण नव्हती, मातीत खार नव्हता. तिथल्या माणसांच्या आसवांना सुद्धा चव नव्हती. गोड पाणीच ते, त्यामुळं कुणी रडलं की गालावर मुंग्या यायच्या, म्हणून तिथं सगळे चोरून रडायचे. मीठ यायचं शेळ्यांवरून, एका शेळीवर दोन पिशव्या, आणि ते आणायला तिथला बादशहा स्वतः निघालेला. नदी आली की पिशव्या भिजतील, मीठ विरघळून जाईल, म्हणून माणसं शेळ्यांना आपल्या खांद्यावर घेऊन नदी उतरायची. सात नद्या, सात वेळा. शेळ्या खांद्यावरून मजेत इकडं तिकडं बघायच्या आणि माणसं गळ्याएवढ्या पाण्यात. मुलखाच्या वेशीवर एक म्हातारी नेमलेली होती, ती येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाचा घाम चाटून सांगायची, हा खारट देशाचा की आपला. सोनं दारात वाळत घालायचे आणि मीठ कुलपात ठेवायचे. बादशहाच्या पोरीच्या लग्नात जेवणावळीला एकच खडा होता, तो दोऱ्याला बांधून प्रत्येक कढईत बुडवून काढला. हे ऐकून खाला म्हणायची, "हमारे यहाँ की शादी में भी ऐसाच करते, भाई." पण सौद्याच्या आधी ती गोष्ट मागायची. उभ्या उभ्याच विचारायची, "हौ, तो बादशहा आज किधर तक पहुँचा?"

त्या मुलखाचा एक रिवाज होता. मी दहा-अकराचा असेन, तुम्ही तो मला सांगितला तेव्हा आपण घरी येताना गाडीत मागच्या बाकावर होतो आणि मला डुलकी लागत होती. तुम्ही म्हणालात, तिथं मीठ हातावरच देतात. कुणी लांब निघालं की घरातलं माणूस त्याच्या उघड्या तळहातावर मीठ ठेवतं. त्यानं मूठ मिटायची. मूठ मिटली की परत यायचं कबूल केलं. कधी, ते इचारायचं नाय. मी विचारलं होतं, मग तिथं भांडण कशानं होतं? तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "मीठ खाली ठेवून दिलं की." आपल्या उलटं. मला ते लई आवडलं होतं. घरी जाऊन आत्यासमोर हात पसरून म्हणालो, हातावर दे, तर तिनं पळीचा दांडा दाखवला.

आता बिडकीनचं लिहायला पाहिजे. ते टाळायलाच मी शेळ्या खांद्यावर घेऊन हिंडतोय. मी सोळाचा होतो. शाळा सुटून दोन वर्षं झाली होती. गॅरेजवर राहिलो, सोडलं, छापखान्यात राहिलो, सोडलं, आणि त्या दिवशी तुमच्याबरोबर बाजारात होतो कारण दुसरीकडं कुठं नव्हतो. माझे दोन दोस्त बिडकीनलाच भेटले. तुमच्या पोत्याभोवती आठ-दहा बाया, एक-दोन म्हातारे, आणि तुम्ही शेळ्या पाचव्या नदीत उतरवल्या होत्या. माझा एक दोस्त माझ्या कानात म्हणाला, "तुझा बाप बाजारात बाया जमवून बसतो व्हय?" मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "सगळं खोटं हाय हे. असा मुलूख कुठंच नाय. ह्यांनी समुद्र पण नाय पाहिला. जन्मभर मीठ विकलं अन् समुद्र नाय पाहिला." दोस्त हसले. मग बाया हसल्या, कारण कुणी हसलं की हसायचंच असतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. म्हणालात, "व्हय. नाय पाहिला." आणि मापटं भरायला घेतलं. एका बाईनं हसू आवरून विचारलं, "मग पाचव्या नदीच्या पुढं काय झालं, मीठवाले?" तुम्ही म्हणालात, "पुढं काय नाय बाई. मीठ घ्या."

त्यानंतर तीन वर्षं तो मुलूख मी ऐकला नाही. तुम्ही बाजाराला जात होतात, सौदा करत होतात, घरी येत होतात. मीही मुद्दाम कधी विचारलं नाही. एकदा तरी म्हणायला हवं होतं, दादा, त्या शेळ्या पाण्यात उभ्या आहेत. एवढंच. तुम्ही हसला असतात. किंवा नसतात. पण मी उद्या म्हणू, परवा म्हणू करत राहिलो. आणि जसजसे दिवस गेले तसतसं मला वाटायला लागलं की तुम्हीच अबोला धरलाय, तुमचंच चुकतंय. माणूस कसा असतो बघा. ज्यानं सांडलं त्यालाच राग.

एकोणिसाव्या वर्षी मी निघालो. समुद्र बघायला जातो, असं आत्याला सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं, पण ज्या अर्थी तुम्ही स्टँडवर आलात त्या अर्थी तिनं सांगितलं असणार. भर दुपार होती. पुण्याची गाडी लागलेली, मी दाराशी उभा. तुम्ही मालधक्क्यावरून तसेच आला होतात, अंगरख्यावर पांढरी धूळ. खिशातून कागदाची पुडी काढली. माझा उजवा हात धरला, उघडला, आणि तळहातावर मीठ ओतलं. चांगलं चिमूटभर, मोठे खडे. गाडीतली माणसं बघत होती. एक बाई म्हणाली सुद्धा, "अगं बया, हातावर दिलं!" मी म्हणालो, "जाता जाता पण भांडणच देता का?" आणि हात झटकला. खडे फरशीवर उडाले. मी आत जाऊन बसलो. गाडी सुटायला वेळ लागला, कंडक्टर चहाला गेला होता. खिडकीतून दिसत होतं. तुम्ही उकिडवे बसून वेचत होतात. एक एक. बोटानं. एका हमालानं विचारलं, "काय सांडलं काका?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "माझ्या पोराचं हाय. त्याला नंतर वेचावं लागंल, म्हणून."

मी समुद्र पाहिला, दादा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा काहीच वाटलं नाही, नुसता वास आला, तुमच्या अंगरख्याचा. मिठागरावर एक हंगाम राहिलो. खाचरांत भरतीचं पाणी घेतात, बांध घालतात, आणि उन्हात ते हळूहळू पांढरं होत जातं, लाकडी फळीनं ओढून ढीग घालतात. पायाची कातडी सोलून निघते. तिथल्या माणसांना मी तुमचा मुलूख सांगितला. माझा म्हणून सांगितला. लोक आवडीनं ऐकायचे. मिठागरावरची माणसं अळणी मुलखाला इतकी हसतील असं मला वाटलं नव्हतं. एकजण म्हणाला, "तिथं आम्हांला जावई करून घेतील का रे?" मग तिथून ट्रकवर गेलो, मग एका फिरत्या तंबूच्या सिनेमाबरोबर, त्यात गावोगाव तंबू ठोकायचं काम, ते बरं होतं, पण ते जाऊ द्या. तुम्ही तापानं गेल्याचं आत्यानं कार्डावर कळवलं. ते कार्ड चार गावं फिरून माझ्या हाती पडलं तेव्हा तुमचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. मी म्हणालो, आता जाऊन काय करायचं. आणि जे एकदा म्हटलं तेच आठ वर्षं म्हणत राहिलो.

चार दिवसांपूर्वी आत्याकडं गेलो. तिनं दारातच रडून घेतलं, मग शिव्या दिल्या, मग भाकरी टाकली. जेवताना वाटी खाली ठेवली, मी उचलली. मी म्हटलं, दादांचा तो अळणी मुलूख, त्यांना कुठून सुचायचा गं? ती माझ्याकडं बघतच राहिली. "सुचायचा? अरे, तो आपलाच मुलूख. पोलीस ॲक्शनच्या आधी नाकाबंदी होती. पलीकडनं माल येणं बंद. निजामाच्या मुलखात मीठ मिळंना. मी लहान होते, तुझा बाप तेरा वर्षांचा. आमची आई दुकानदाराच्या रिकाम्या गोण्या मागून आणायची, त्या पाण्यात बुडवायची अन् ते पाणी वरणात." मग तिनं आजोबांचं सांगितलं. आजोबा गोदावरी ओलांडून नगरच्या बाजूला गेले, मीठ आणायला. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. निघताना तेरा वर्षांच्या पोरानं डबा खरवडला, तळाला जे काय निघालं ते सगळं आपल्या बापाच्या तळहातावर ठेवलं, वाटेत भाकरीला म्हणून. आई ओरडली, हातावर देऊ नको! पण देऊन झालं होतं. आजोबांनी मूठ मिटली आणि गेले. "आठ दिवस पत्ता नाय. गावात लोक म्हणायला लागले, गेला म्हातारा. तुझा बाप वेशीवरून हलंना. म्हणायचा, मी हातावर दिलंय, ते येणार. अन् आले बघ. नाक्यावर झडती घेतली त्यांची, काय सापडलं नाय. पागोटं मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवून आणलं होतं. नदीत गळ्याएवढं पाणी, पण पागोटं कोरडं. घरी आल्या आल्या आईनं ते पातेल्यात भिजवून पिळलं." मग आत्या हसायला लागली, पदर तोंडाला लावून. "आठ दिवस वरणाला नुसता डोस्क्याचा वास यायचा रे. पण काय गोड लागायचं!"

मला हसता आलं नाही. मी ताटावरून उठून हात धुवायला गेलो. तुम्ही हे मला का सांगितलं नाही? बिडकीनला, सगळ्यांसमोर, एवढंच म्हणायचं होतं, खोटं नाय हे, मी पाहिलंय. पण तुम्ही म्हणालात, व्हय, नाय पाहिला.

आज खालाच्या ओट्यावर तिनं पहिल्यांदा तेच विचारलं, "बेटा, वो बादशहा का क्या हुआ? पाँचवीं नदी कने छोड़ दिए तेरे अब्बा." मी म्हटलं, त्यांनी पुढं सांगितलं नाही? ती म्हणाली, "मैं कितना पूछी. हर बाजार कू पूछी. तो बोलते, किस्सा अब बेटे के कने है खाला, वो आएगा तो बोलेगा." तिनं पाय दुमडून घेतले आणि ऐकायला बसली. आता काय करता? मी सांगितलं. शेळ्या पाचव्या नदीतून काढल्या, सहावी ओलांडली, सातवी ओलांडली. मला येत होतं तेवढं सांगितलं, येत नव्हतं तिथं आजोबांचं पागोटं घातलं. रिवाज आला तेव्हा तोही सांगितला, हातावर मीठ देतात तो. मग खालानं मला विचारलं, "हौ. और तू गया तब, तेरे कू क्या दिए थे?"

मी म्हणालो, "कुछ नै."

ती म्हणाली, "ऐसा नै होता. वो आदमी खाली हाथ भेजनेवाला नै था." आणि चाचपत चाचपत उठून मला लोणच्याची बरणी दिली. ती आत्ता माझ्या मांडीजवळ आहे, झाकण जरा गळतंय, वहीच्या या पानावर तेलाचा डाग पडलाय तो त्याचाच.

दादा, आता गाडी येईल. हे पान कुणाला पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठं. पण खालाशी खोटं बोललो, आणि वर तुमच्याशीही बोललोय, ते तेवढं नीट करून उठतो. स्टँडचं लिहिलं तिथं मी असं लिहिलंय जणू मला वाटलं तुम्ही भांडण देताय. आत्यालाही मी चार दिवसांपूर्वी हेच सांगितलं, की न कळून झालं, आपल्यात हातावर देत नाहीत ना, म्हणून. तसं नव्हतं. पुडी उघडलीत तेव्हाच मला मागच्या बाकावरचा तो रिवाज आठवला होता. तुम्ही काय देताय ते मला कळलं होतं. मूठ मिटली असती तर यावं लागलं असतं. म्हणून हात झटकला.